दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं

(चौसाळा येथे मुली व पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या बापमंडळींनो,

एम.बी.ए.च्या प्रवेशपरीक्षेवर बोलायचं ठरलं, तेव्हा इथल्याच एका बाईंनी मला विचारलं, "ताई, चौसाळ्यात कोण देणार ती परीक्षा?" प्रश्न रास्त आहे. दिवाळी सरली की या भागातल्या वस्त्या-तांड्यांवरून नवराबायकोचे कोयते कारखान्यांकडे निघतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या शंभर जणींपैकी चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. एवढ्या सगळ्यातून वाचून जी मुलगी बी.कॉम. किंवा बी.ए.पर्यंत पोचली, तिनं ही परीक्षा द्यायची नाही तर कुणी द्यायची?

आधी परीक्षा काय आहे ते सांगते. राज्याची जी सीईटी आहे, ती कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीलाही. पदवीला पन्नास टक्के गुण लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना पंचेचाळीस. २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. यातले ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आय.आय.एम.साठीची 'कॅट' निराळी. तिथे पर्यायी प्रश्न चुकला की एक गुण जातो आणि प्रत्येक भागाला चाळीस मिनिटांची कुलूपबंद वेळ असते. जिची तयारी होईल तिनं तीही द्यावी.

आता गणित. मुली मला सांगतात, गणिताची भीती वाटते. मी त्यांच्या आयांना विचारते, शेकडा तीननं वीस हजार काढले तर महिन्याचं व्याज किती? माय लगेच सांगते, सहाशे. वर्षाचं? सात हजार दोनशे. व्याज दिलंच नाही आणि ते मुद्दलात चढत गेलं तर? इथे माय जरा थांबते, पण सात-बाराशेची गोष्ट नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. वर्षअखेर अठ्ठावीस हजार पाचशेच्या वर देणं होतं. हेच परीक्षेतलं चक्रवाढ व्याज! हजाराच्या साडीची किंमत दुकानदारानं वीस टक्के वाढवली आणि मग "वीस टक्के सूट" अशी पाटी लावली, तर साडी हजाराला नाही, ९६० ला मिळते. पंगतीत कोण कुणाच्या उजवीकडे बसलं, हा तर्काचा प्रश्न. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला यातलं काहीच परकं नाही. परकी आहे ती वेळेची घाई आणि इंग्रजी भाषा.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची हकीकत तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला. कारण काय, तर अर्जदार बायका निरक्षर. बायका घरी आल्या, अक्षरं शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन बसल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे त्यांनी ग्रामीण बायकांसाठी व्यवसायाची शाळाही काढली. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या बायकांनी दिलेली ही सगळ्यात अवघड प्रवेशपरीक्षा होती, आणि तिचा अभ्यासक्रम कुणी छापलेला नव्हता.

इंग्रजीबद्दल मी गोड बोलणार नाही. सीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते, म्हणजे गणिताचा प्रश्नसुद्धा आधी इंग्रजीतून समजून घ्यावा लागतो. मराठी माध्यमाच्या मुलीवर हा अन्याय आहे, आणि त्याबद्दल आपण बोलत राहिलं पाहिजे. पण परीक्षा त्यासाठी थांबत नाही. रोज एक इंग्रजी उतारा वाचायचा, त्यात काय म्हटलंय ते मराठीत आईला सांगायचं. आईला कळलं तर तुम्हाला कळलं. शब्दांच्या याद्या पाठ करून फारसं काही हाती लागत नाही, हा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

खरी अडचण पुस्तकांची नाहीच. जुन्या प्रश्नपत्रिका आणि सराव परीक्षा मोबाइलवर मिळतात. पण घरातला मोबाइल भावाच्या खिशात असतो! सराव परीक्षा अडीच तासांची, सलग. मला सांगा, कुठल्या घरात पोरीला सलग अडीच तास मिळतात? पहिल्या अर्ध्या तासात पाणी येतं, मग पाहुणे, मग भाकरी. मुलगा अभ्यासाला बसला की सगळं घर दबक्या पावलांनी चालतं. मुलीचा अभ्यास मात्र कामं उरकून उरलेल्या वेळात. म्हणून मी बापमंडळींकडे एकच मागते: आठवड्यातून एक सकाळ. तेवढ्या वेळात तिला हाक मारायची नाही, आणि मोबाइल तिच्या हातात असू द्यायचा. भावानं त्या दिवशी पाणी भरावं. मग जी वेळ लागते ती सहा-आठ महिन्यांत भरून निघते. या काळात स्थळं बघू नका. "बघून ठेवायला काय हरकत आहे," असं म्हणतात. हरकत आहे. ज्या मुलीला दर रविवारी कांदेपोहे घेऊन बाहेर यायचंय, तिचं प्रश्नपत्रिकेत लक्ष कसं लागेल?

पैशाचं बोलते. २०२४-२५ पासून राज्य शासनानं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे, आणि त्या फेरीत सीईटीच्या गुणांवर नंबर लागतो. "परीक्षेची काय गरज, मी थेट ॲडमिशन करून देतो," असं सांगणारा एजंट तुमच्या दारी येईल. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही माफी गेली. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च मात्र राहतोच, तो आधीच हिशेबात धरा. हुंड्यासाठी एकर विकायची तयारी असलेल्या घराला तो जड जाऊ नये.

कुणी म्हणतं, मुलींना सवलती देऊन वर चढवतात. कोझिकोडच्या आय.आय.एम.मध्ये २०१३ साली निवडीत मुलींना थोडं जादा वजन दिलं, आणि त्या तुकडीत निम्म्याहून जास्त मुली आल्या. त्याआधी वर्षानुवर्षं वर्ग मुलांनी भरलेले असत, तेव्हा कुणी सवलत हा शब्द काढला नव्हता.

शेवटी कागद. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास. निकाल लागल्यावर तहसीलला रांगा लागतात, तेव्हा आत्ताच अर्ज टाका. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. लग्न झालेल्या मुलींचं घोडं इथेच अडतं: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ज्यांचं असं झालंय त्यांनी चहाच्या वेळेत कागद घेऊन माझ्याकडे या. आणि ज्यांना फॉर्म भरायचाय, त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव लिहा. स्वतःचं, स्वतःच्या हातानं.