सरांची फियाट आणि बेचाळीस डबे

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही सचिवांनीच ठरवून दिला आहे : ‘पाण्याच्या टाकीमागची ती गाडी.’ सोसायटीत राहणाऱ्यांना गाडी माहीत आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. ती प्रीमियर पद्मिनी आहे, १९८४ ची. आपल्याकडे पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात, म्हणून मीही फियाटच म्हणेन. गाडी आपल्या अ विंगमधल्या सरांची. सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर, २०१६ च्या उन्हाळ्यात, इंजिन जाम झालं म्हणून त्यांनी ती स्वतः खोलायला घेतली. दारं काढली, सीटा काढल्या, इंजिन बाहेर काढलं, गिअरबॉक्स काढला. एप्रिल २०२१ मध्ये सर कोरोनानं गेले. तेव्हा गाडी म्हणजे चार विटांवर ठेवलेला पत्र्याचा सांगाडा आणि जिन्याखाली रचलेले डबे, एवढीच उरली होती.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त अजून दप्तरात आहे. एका सभासदानं मुद्दा मांडला की, ही गाडी नव्हे, भंगार आहे, आणि भंगारासाठी पार्किंगची जागा अडवता येत नाही. नियमानं त्यांचं बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो. भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगूनही गेला होता. मी वहिनींना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मला गाडी चालवता येत नाही आणि मला ती नकोही आहे. पण रोज खाली उतरताना ती अशी उघडी पडलेली बघवत नाही. एकदा जोडून द्या कोणीतरी. मग विकायची की ठेवायची, ते मी बघीन.”

माझं वय तेव्हा सत्तर. उभ्या आयुष्यात मी स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. सभेनं एक वर्ष दिलं आणि अटी घातल्या : सांगाडा टाकीमागे हलवायचा, ठोकाठोकी सकाळी दहा ते एक, दुपारच्या झोपेच्या वेळी आवाज नाही, रंगाचा फवारा आवारात मारायचा नाही. एका वर्षाची तीन वर्षं झाली. मुदतवाढ देणाऱ्या सभासदांचे इथे जाहीर आभार मानतो, विशेषतः ज्यांनी मूळ मुद्दा मांडला होता त्यांचे. पुढे ब्रेकचं पेडल दाबायला तेच बसले, ते येईलच.

थोडं मागे जाऊ. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, डॉज आणि प्लिमथ गाड्या तिथे जुळवल्या जात. पुढे इटलीची फियाट आली. आपल्या सगळ्यांच्या लग्नकार्यात पुढे उभी असायची ती फियाट ११०० डिलाइट १९६४ पासूनची. मग तिला प्रेसिडेंट म्हणू लागले आणि १९७४ च्या सुमाराला पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. बजाजची चेतकही मेवाडचीच, राणा प्रतापांचा घोडा. त्या काळी मध्यमवर्गाची दोन्ही वाहनं राजस्थानातून आली, हा आपला एक गमतीचा भाग. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघणारे खातेदार मी पाहिले आहेत. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, कारण टॅक्सीला तिथे वीस वर्षांची मर्यादा होती. ती बातमी वाचली त्या दिवशी आमचं इंजिन नागपूरला लेथवर होतं.

आपल्या वर्ध्यात बिघडलेल्या मोटारीचा एक जुना उपाय जुनी माणसं सांगतात. जमनालालजींकडच्या जुन्या फोर्डला बैल जुंपले होते आणि तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. गांधीजी त्यात बसत. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी सांगाडा पाहिला आणि मला हाच उपाय सुचवला.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे जुन्या ‘मसल कार’ दुरुस्त करण्याचं वेड आहे. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओत सुमारे साडेसहा लिटरचं इंजिन होतं, सव्वातीनशे अश्वशक्तीचं. आपली फियाट १०८९ सीसीची, चाळीसेक अश्वशक्तीची. म्हणजे त्यांची एक गाडी ओढायला आपल्या आठ लागतील. पण तो मुलगा म्हणाला, “काका, खोललेली गाडी सगळीकडे सारखीच. तिकडेही लोक खोक्यांसकट विकत घेतात आणि पुष्कळदा तशीच खोक्यांसकट पुढे विकतात.” कारण त्यानं सांगितलं ते मला पटलं. ज्यानं खोलली त्याच्या डोक्यात नकाशा असतो. तो माणूस बदलला की नकाशा जातो.

नवशिक्यानं अशा गाडीला हात घालताना आधी पाना उचलायचा नाही, वही उचलायची. हे काम मला येत होतं. पहिले चार महिने मी एकही नट फिरवला नाही. सगळे डबे ओट्यावर ओतून, रॉकेलनं धुऊन, एकेका वस्तूची नोंद केली. बेचाळीस डबे झाले. तुपाचे, बिस्किटाचे, रंगाचे. प्रत्येकाला नंबर, वहीत त्याच नंबरचं पान, पानावर वस्तू, नग, अवस्था. इंजिन एक ते नऊ, गिअर आणि क्लच दहा ते चौदा, ब्रेक पंधरा ते एकोणीस, असं. सरांनी कापडाच्या पट्ट्यांवर स्केचपेननं नावं लिहून बांधली होती. पण जिन्याखाली पाच पावसाळ्यांची ओल आणि उंदीर. निम्म्या पट्ट्या वाचता येत नव्हत्या.

ज्या वस्तू ओळखता आल्या नाहीत त्यांचा एक डबा केला आणि त्यावर लिहिलं, ‘सस्पेन्स’. बँकवाले हसतील. नोंद कुठल्या खात्यातली ते कळत नाही तोवर ती सस्पेन्समध्ये, आणि महिनाअखेर त्यातली एकेक उलटवायची. सुरुवातीला त्या डब्यात एकशे सात वस्तू होत्या. आज तीन आहेत. गाडी चालते, तरी त्या तीन वस्तू मला झोपू देत नाहीत.

वहिनींनी सरांची वही दिली. विज्ञानाच्या मास्तरांची वही, एका बाजूला आकृती, दुसऱ्या बाजूला टिपणं. कोणता वॉशर आधी, कोणता नंतर, कोणत्या बोल्टला स्प्रिंग वॉशर. चौतीस पानं भरलेली, पुढे कोरी. चौतिसाव्या पानावर ‘हँड गिअर’ एवढं शीर्षक आहे आणि खाली आकृती नाही. फियाटचा गिअर स्टिअरिंगखाली असतो. तिथून दांड्या आणि खटके बोनेटच्या आतून गिअरबॉक्सपर्यंत जातात. एक दांडी उलटी लागली तरी पहिला टाकताना रिव्हर्स पडू शकतो. ते कोडं सरांनी कागदावर उतरवलंच नव्हतं. हिंगणघाटला एका वाड्यात एक फियाट उभी असल्याचं कळलं. मी, मिस्त्री आणि आपल्या सोसायटीतला एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी तिघं गेलो. तिच्याखाली पोत्यावर झोपून फोटो काढले आणि त्या मुलानं आकृती काढली. ती आता सरांच्या वहीत पस्तिसाव्या पानावर चिकटवली आहे.

आता मिस्त्री. वय पंचाहत्तरच्या पुढे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांच्या आणि ठेकेदारांच्या फियाटी त्यांनी चाळीस वर्षं सांभाळल्या. आताची पोरं लॅपटॉप लावून गाडी तपासतात, त्यांच्याकडे कोणी येत नाही. ते म्हणाले, “साहेब, पैशाचं नंतर पाहू. मले फक्त थे इंजिन एकदा वाजताना आयकू द्या.” पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट रुतले होते. मी हातोडी शोधू लागलो तर त्यांनी डिझेलची बाटली मागितली. चारी पिस्टनवर डिझेल आणि थोडं ऑइल ओतून म्हणाले, “आता आठ दिवस इकडे यायचं नाही.” आठ दिवसांनी लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं. तीन सुटले, चौथ्याला आणखी पंधरा दिवस लागले.

मिस्त्रींकडून शिकलो ते इतकं आहे की दहा मिनिटांत मावणार नाही. कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या कॅपवर नंबर ठोकलेले असतात, ज्याची टोपी त्यालाच. आठ पुशरॉड काचेच्या तुकड्यावर गडगडवून बघायचे, वाकलेला लगेच उड्या मारतो. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर जात आवळायचे, तेही एकदम नाही, तीन फेऱ्यांत. त्यासाठीचा टॉर्क रेंच त्या अमेरिकेतल्या मुलानं पाठवला. मिस्त्रींनी आधी आपल्या हातानं आवळलं आणि मग रेंच लावून पाहिला. काटा जवळजवळ तिथेच आला. ते काही बोलले नाहीत, बिडी पेटवली.

नव्यानं करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. सगळ्यांचं लक्ष इंजिनावर आणि रंगावर असतं. पण या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. म्हणून तळाचा पत्रा आणि दाराखालचे उंबरे गंजले असतील तर आधी ते, बाकी सगळं नंतर. आम्ही पेचकसानं टोचून टोचून पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाखाली पेचकस आरपार गेला. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला, रंगाआधी वर्षभर. दुसरं, ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत. प्रत्येक व्हील सिलिंडरचं रबर नवं घातलं, जुनं एकही ठेवलं नाही. हवा काढताना एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी निपल उघडायचा, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. पेडलवर कोण बसलं ते मघाशी सांगितलं. साडेतीन तास बसले, चहासुद्धा तिथेच घेतला. सामान मुंबईच्या चोरबाजारातून आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून आलं. ज्यांचे मुलगे-जावई त्या बाजूला आहेत त्यांनी बॅगेतून आणलं. रंगाचं काय सांगू, बाहेर गॅरेजमध्ये दिला, चांगला झाला.

खरा घाम कागदांनी काढला. आरसी बुकाची मुदत २०१९ ला संपली होती. मालक हयात नाहीत. आणि वर १९८४ चा कर्जबोजा तसाच. सरांनी कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण बोजा उतरवलेला नव्हता. ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, खातंच सापडेना. या कामासाठी मला सहा वेळा जावं लागलं. मी निवृत्त बँक अधिकारी असून सहा वेळा, इतरांचं काय होत असेल! शेवटी पत्र मिळालं. मग बोजा उतरवण्याचा नमुना ३५, वारसाच्या नावावर करण्याचा नमुना ३१, नूतनीकरणाचा नमुना २५. नूतनीकरणाचं शुल्क पूर्वी सहाशे होतं, एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झालं, आता आणखी वाढलं आहे. वर उशिराचा दंड. माझी सगळ्यांना विनंती आहे, आज घरी गेल्यावर आपापलं आरसी बुक उघडा. कर्ज फिटलं असेल आणि बोजा दिसत असेल तर पुढच्या आठवड्यातच उतरवून घ्या. आपण आहोत तोवर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

काही जण विचारतात, ही व्हिंटेज झाली का? नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात आणि मूळ सांगाडा, बॉडी, इंजिन बदललेलं चालत नाही. म्हणजे २०३४. तेव्हा मी त्र्याऐंशीचा असेन. खर्चाचंही विचारतात. सगळा मिळून दोन लाख ऐंशी हजार. सामानाचा वहिनींनी केला, थोडा मी, आणि मिस्त्रींची मजुरी त्यांनी निम्मीच घेतली. गुंतवणूक म्हणून हा व्यवहार मी कुठल्याही खातेदाराला मंजूर केला नसता.

१२ जानेवारीला इंजिन वाजलं. मिस्त्रींनी कान बोनेटशी नेला, बोटांवर एक-तीन-चार-दोन असं मोजलं आणि म्हणाले, “तिसरा जरासा मागं हाय.” प्लगची वायर बदलली, बसला. वहिनी गॅलरीतून बघत होत्या. खाली आल्या नाहीत. नंतर नोंदणीचं काम पुरं झाल्यावर एका सकाळी त्यांना सेवाग्रामला नेऊन आणलं. जाताना-येताना त्या काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, “यांच्या वेळी हॉर्न जास्त मोठा होता.” पुण्याहून एक गृहस्थ गाडी बघून गेले आणि चांगली किंमत बोलले. बंगळूरचा मुलगा म्हणतो, विकून टाक आई. वहिनींनी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तो निर्णय त्यांचा आहे आणि सोसायटीत कोणी त्यावर मत देऊ नये, असं मला वाटतं.

तोवर गाडी टाकीमागे आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं. म्हणून सगळ्या पेट्रोलच्या नळ्या बदलल्या आहेत. कोणाकडे जुनी चेतक किंवा येझदी असेल तर त्यांनीही नळ्या बघून घ्या. दर रविवारी सकाळी सातला आम्ही ती सुरू करतो, मिस्त्रीही येतात. मुलांनी जरूर यावं, आत बसावं, पण हँड गिअरला हात लावू नये. आणि तेरा नंबरचा रिंग पाना दिवाळीपासून सापडत नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं येताना आणावा, नाव विचारणार नाही.