घरातील अडगळ आणि ती उचलणारे हात

(वर्षावासातील कौटुंबिक मेळाव्यात एका वकील बंधूंनी दिलेले भाषण)



कचरा हा आजच्या भाषणाचा विषय आहे हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठी पडली असेल. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या माथी गावचा केर आणि मेलेली ढोरे मारण्यात आली, त्यांनी धम्मदीक्षा घेतल्यावर पुन्हा त्याचे नाव का काढावे, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्याने हा भार वाहिला त्यालाच त्याचे वजन ठाऊक, म्हणून यावर बोलण्याचा पहिला अधिकार आपला आहे असे माझे मत आहे.

मी वकील आहे; तेव्हा कायद्यापासूनच आरंभ करतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकास काय द्यावे हे सांगितले आहे. उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातील फोलपटे आणि घरातील जुनेपुराणे सामान. चांडाळांनी तर प्रेताची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे अशी आज्ञा त्याच अध्यायात आहे. याला धर्म म्हणत असत. मी याला केराची विल्हेवाट म्हणतो. वरच्याच्या घरात जे निरुपयोगी ठरेल ते खालच्याच्या दारी टाकावयाचे, म्हणजे घरही स्वच्छ होते आणि दानाचे पुण्यही पदरी पडते. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे तुकडे सोडण्यास आपल्या लोकांस सांगितले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच त्या ग्रंथाचे दहन झाले. दुसऱ्याची अडगळ स्वीकारण्याचे आपण त्या वर्षी नाकारले.

आता स्वतःच्या घराकडे पाहू. आज आपल्या घरी कपाटे आहेत, फ्रीज आहे, दूरदर्शन संच आहे, याचा मला आनंद वाटतो. ज्यांना धड भांडे आणि धड वस्त्र बाळगण्याची मनाई होती त्यांनी वस्तू अवश्य घ्याव्यात. साधेपणाचा उपदेश आपणांस इतरांनी पुष्कळ केला आहे; त्यात माझी भर नको. परंतु मालमत्ता निराळी आणि अडगळ निराळी. पोटमाळ्यावर चढून पाहा. बंद पडलेला मिक्सर, लग्नात आलेली भिंतीवरची चार घड्याळे, स्वस्त विक्रीत घेतलेले आणि एकदाच नेसलेले कपडे, मोबाईलच्या तारांचा गुंता. हप्ते थकल्याच्या नोटिसा घेऊन जी कुटुंबे माझ्याकडे येतात, त्यांच्या कागदांत हेच आढळते. वस्तू पोटमाळ्यावर गेलेली असते आणि हप्ता अद्याप चालूच असतो. तो हप्ता मुलीच्या शाळेच्या खर्चातून जातो, हे मी डोळ्यांनी पाहतो.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आनंद स्थविरांची एक कथा आहे. कोसंबीचा राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाला संशय आला, की हा श्रमण कापडाचा व्यापार मांडणार की काय! त्याने येऊन विचारणा केली. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. पुढे जमिनीवरील बैठका, पुढे पायपुसणी, पुढे धूळ झटकण्याची फडकी. आणि अखेर त्या फडक्यांच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवावयाची. राजा समाधान पावला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. न्यायालयातील उलटतपासणीपेक्षा ही उलटतपासणी मला सरस वाटते. वस्तू घेण्यापूर्वी घरात बसून असेच प्रश्न एकमेकांस विचारावेत. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या, त्या याच हिशेबाने.

मात्र एक भेद आहे. ते सुती कापड अखेर मातीत मिसळले. आजचे पॉलिएस्टर, थर्मोकोल आणि प्लास्टिक मातीत मिसळत नाही. ते घंटागाडीत जाते आणि तेथून एखाद्या देवनारला जाते. मुंबईचे देवनारचे कचरा मैदान १९२७ सालीच सुरू झाले. महाडचे वर्ष तेच! जानेवारी २०१६ मध्ये त्यास आग लागली तेव्हा धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर प्रथम गोवंडी आणि शिवाजीनगरच्या झोपड्यांत शिरला. ज्यांच्या घरचा तो कचरा होता त्यांच्या दिवाणखान्यांत मागाहून.

हा कचरा उचलतो कोण? मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला. तोवर त्यांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. ते बहुसंख्य दलित होते. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली आपली पंचायत उभारली व २००८ पासून त्यांच्या सहकारी संस्थेने पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेण्यास आरंभ केला. त्याही बहुतांशी आपल्याच आयाबहिणी. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही झाडण्यास वा मैला उचलण्यास भाग पाडणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ७-अ खाली १९७६ पासून गुन्हा आहे. परंतु भूक जेव्हा भाग पाडते तेव्हा फिर्याद कोणाविरुद्ध लिहावी, हे ते कलम सांगत नाही.

आपल्यातील शिकलेला तरुण म्हणतो, "आम्ही ते काम सोडले, आता केरात हात घालणार नाही." त्याचा अभिमान मला मान्य आहे. परंतु त्याने डाळभात, काच, औषधाच्या सुया आणि बाळाचे लंगोट एकाच पिशवीत बांधून दिले, तर हात कोणीतरी घालणारच. तो हात त्याच्या मावशीचा असू शकेल. दुसऱ्याचा केर सक्तीने चिवडणे ही गुलामी होती. स्वतःच्या घरचा केर स्वतः निवडणे ही नागरिकाची जबाबदारी आहे, आणि ज्या सवर्ण घरांनी ती कधी पाळली नाही त्यांचे अनुकरण करण्यात कसली प्रतिष्ठा? बाबासाहेबांनी मुंबईच्या सफाई कामगारांची म्युनिसिपल कामगार संघात संघटना बांधली. त्यांच्याकडे पाठ फिरवून ते पुढे गेले नाहीत.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरातच करणे प्रत्येकावर बंधनकारक केले, आणि कामगारांना हातमोजे, बूट, मुखपट्ट्या पुरविण्याचे दायित्व पालिकांवर टाकले. आपल्या गल्लीतील कामगाराच्या हातात मोजे नसतील तर पालिकेकडे अर्ज करा. मसुदा मी विनामूल्य करून देईन. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहावे. स्त्रियांचे पॅड व बाळाचे लंगोट वर्तमानपत्रात बांधून त्यावर लाल खूण करावी. घरकामास येणाऱ्या बाईस कपडे द्यावयाचे असतील तर धुऊन, बटणे लावून द्यावेत, आणि जे आपण स्वतः अंगावर घालणार नाही ते देऊच नये. जीर्ण वस्त्रे देण्याची ती जुनी आज्ञा आपल्या घरी पाळली जाऊ नये.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्या विहारात भोजन आहे. थर्मोकोलच्या पत्रावळी आणू नयेत, प्रत्येक कुटुंबाने आपली ताटे घरून आणावीत, आणि ती धुण्याची पाळी पुरुषांकडे असावी, अशी सूचना मी अध्यक्षमहाराजांकडे लेखी दिली आहे.