पहिली बस कोणत्या वस्तीला?



वाटेतला काटा बाजूला करणं हाही सदका, हे आपण लहानपणीच ऐकतो. शाळेच्या वाटेवरचा आजचा काटा म्हणजे धूर. शाळा सुटताना फाटकाबाहेर डिझेल बस इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, आणि मुलं त्यांच्यामधूनच वाट काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर कर्करोगकारक ठरवला. दमा असलेल्या मुलाला तर त्याचा त्रास लगेच होतो.

अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने जुन्या स्कूलबस बदलायला पाच वर्षांसाठी पाच अब्ज डॉलर ठेवले. त्या रकमेपेक्षा मला त्यातली रांग महत्त्वाची वाटते. गरीब, ग्रामीण आणि आदिवासी भागांतल्या शाळांना त्यात प्राधान्य दिलं गेलं. इलेक्ट्रिक बस तिथे डिझेल बसच्या कितीतरी पट महाग. बाजारावर सोडलं असतं, तर पहिली बस श्रीमंतांच्या शाळेतच गेली असती.

आपल्याकडे पीएम ई-ड्राईव्ह योजनेतला ई-बसचा पैसा सार्वजनिक वाहतुकीसाठी आहे. स्कूलबसचा मालक स्वतःच्या कर्जावर. आपल्या मोहल्ल्यांत व्हॅन चालवणारे चाचा आपल्यातलेच असतात. उद्या नुसती बंदी आली, तर धुरासोबत त्यांची रोजीही जाईल. म्हणून मागणी करताना दोन्ही एकत्र मागा: डिझेल हटवा, पण चालकाला अनुदान आणि स्वस्त कर्ज द्या.

खरं तर विजेवर चालायला स्कूलबसइतकं सोयीचं वाहन नाही. मार्ग ठरलेला, अंतर थोडं, दुपारी आणि रात्री गाडी उभीच. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, हे मान्य. तो धूर कोराडी-चंद्रपूरच्या लोकांच्या वाट्याला येतो, त्यामुळे ती लढाईही बाकी आहेच. पण म्हणून वर्गाच्या खिडकीखालचा धूर चालवून घ्यायचा का?

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांत शाळेच्या परिवहन समितीची तरतूद आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, पालकांचे प्रतिनिधीही असतात. तुमच्या भावंडांच्या शाळेत ती समिती बसते का, ते विचारा. बसत असेल तर अम्मी-अब्बांना पुढच्या बैठकीला पाठवा. पहिला ठराव बिनखर्चाचा: फाटकावर इंजिन बंद. दुसरा: पुढचा करार करताना इलेक्ट्रिक गाडीचा दर मागवायचा, आणि चार्जिंगची जागा शाळेच्या आवारात द्यायची.