ख्रिस्तसभेतील पुढारीपण आणि त्यातील मोह

(शेलू येथील ज्युबिली-सभेत केलेले भाषण)



ह्या मंगल प्रसंगी पुढारीपणावर दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानिली. विषय मात्र अवघड आहे. कारण पुढारी कसा असावा हे प्रत्येक श्रोत्यास ठाऊक असते, आणि आपण तसे आहोत असेही पुष्कळांस वाटत असते. म्हणून गुणांची यादी न वाचता आपल्या मुंबई धर्मप्रांताच्या इतिहासाची चार पाने उलटावी हे आम्हांस बरे वाटते. वांगणी व नेरळ ह्यांच्यामधील हे आपले शेलू त्याच धर्मप्रांतात मोडते. तेव्हा ही कथा परक्यांची नव्हे.

हिंदुस्थानात धर्माधिकारी नेमण्याच्या कामी पोर्तुगालच्या राजास पोपमहाशयांनी पूर्वी विशेष हक्क दिले होते. त्यांस पाद्रोआदो म्हणत. पुढे रोममधील प्रोपागांडा नामक मंडळाने आपले धर्मप्रचारक स्वतंत्रपणे पाठविले, आणि मुंबई बेटावर ह्या दोन सत्ता समोरासमोर उभ्या ठाकल्या. 1794 साली इंग्रज सरकारनेच वाटणी करून दिली. माझगावचे ग्लोरिया व खालच्या माहीमचे, म्हणजे आजच्या दादरचे, साल्व्हासांव ही मंदिरे पाद्रोआदोकडे गेली. भुलेश्वरचे एस्पेरांसा व वरच्या माहीमचे सेंट मायकल ही प्रोपागांडाकडे राहिली. कॅथोलिकांच्या घरातील वाटे प्रॉटेस्टंट सरकारने घालून द्यावे, ह्यापरती नामुष्की ती कोणती?

वाटणीने भांडण मिटले नाही. 1853 साली त्याच सेंट मायकल मंदिराच्या ताब्यावरून असा तंटा माजला, की बिशप आनास्तासियुस हार्टमन ह्यांनी स्वतःस मंदिरात कोंडून घेतले आणि विरुद्ध पक्षाने बाहेरून वेढा दिला. शेवटी सरकारी अंमलदारांस मध्ये पडावे लागले. आत असलेले आणि बाहेर असलेले, सगळे एकाच ख्रिस्तशरीराचे भागीदार! 1886 च्या तहाने मुंबईस आर्चबिशप मिळाले, पण पाद्रोआदोची मंदिरे दमणच्या बिशपांकडे गेली. दुहेरी सत्ता चालूच राहिली. तिचा शेवट 1928 साली झाला, म्हणजे ह्या वाटणीपासून 134 वर्षांनी.

ह्या तंट्यातील पुढारी लबाड किंवा पोटभरू होते असे कोणी समजू नये. हार्टमन हे तर कपुचिन संघातील तपस्वी पुरुष. आमच्या मते मोह नेमका येथेच असतो. लोभी मनुष्याचा लोभ चारचौघांस दिसतो आणि त्यास आवर घालता येतो. परंतु जो सज्जन आपल्या खुर्चीच्या हक्कास देवाचा हक्क समजू लागतो, त्यास कोण आवरणार? तो माघार घेत नाही, कारण माघार घेणे त्यास पाप वाटते.

आता दुसरे पान. 1928 च्या करारान्वये मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावयाचे होते. त्याप्रमाणे प्रथम योआकिम लिमा आले. नंतर 1937 साली येशूसंघाचे थॉमस रॉबर्ट्स आले. हे पूर्वी लिव्हरपूलमध्ये धर्मग्राम सांभाळीत होते. हिंदी मनुष्यास ह्या क्रमात कोठेच जागा नव्हती. रॉबर्ट्स ह्यांनी तक्रारअर्ज करून स्वस्थ बसण्याऐवजी आपली स्वतःची जागा रिकामी करण्याची तयारी चालविली. व्हॅलेरियन ग्रेशियस हे कराचीत जन्मलेले धर्मगुरू त्यांच्या कचेरीत होते. 1941 साली त्यांस होली नेम मंदिराचे पहिले हिंदी रेक्टर नेमिले. 1946 साली ते साहाय्यक बिशप झाले. आणि त्याच वर्षी धर्मप्रांताचा कारभार त्यांच्या हाती ठेवून रॉबर्ट्स मुंबईबाहेर पडले. 1950 साली पोर्तुगालने आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स ह्यांचा राजीनामा मंजूर झाला व डिसेंबरात ग्रेशियस आर्चबिशप झाले. 1953 साली ते कार्डिनल झाले, तेव्हा सर्व हिंदुस्थानाने त्यांचे कौतुक केले. रॉबर्ट्स ह्यांनी 1954 साली अधिकाराचा उपयोग आणि दुरुपयोग ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. आधी अधिकार सोडून मग त्याजविषयी लिहिणारे ग्रंथकार थोडे.

कोणी म्हणेल, खुर्ची सोडणे म्हणजे मोठेपणा काय? तसे आम्ही म्हणत नाही. रुसून किल्ल्या टेबलावर आपटणारा मनुष्यही खुर्ची सोडतोच. रॉबर्ट्स ह्यांनी आधी मनुष्य तयार केला, त्यास काम दिले, चुका करावयास वाव दिला, आणि मग पाऊल मागे घेतले. ह्यास वर्षे लागली. त्यातही 1946 पासून चार वर्षे ग्रेशियस ह्यांस काम पूर्ण आणि पद अपुरे अशा अवस्थेत काढावी लागली. ती स्थिती सुखाची खास नव्हती. ग्रेशियस ह्यांच्या सबुरीचे श्रेय आपण विसरू नये.

आपल्या ह्या पट्ट्यात रेल्वेलगत नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांत मराठी, कोकणी, मलयाळी, तमिळ अशी नाना भाषांची कुटुंबे येऊन मिळतात. मिस्सा कोणत्या भाषेत, सणाच्या कमिटीत कोण, गायकवृंदाची पेटी कोणाच्या घरी, हे प्रश्न लहान दिसतात. पण माहीमचा वेढादेखील एका मंदिराच्या दारापासूनच सुरू झाला. धर्मगुरूंची बदली होते, हे बरेच आहे. 1983 च्या धर्मसंहितेने बिशपांस व धर्मग्रामाच्या पाद्र्यांस 75 व्या वर्षी राजीनामा सादर करावयास सांगितले आहे, आणि प्रत्येक धर्मग्रामास हिशेबाचे मंडळ सक्तीचे केले आहे. परंतु आम्हां प्रापंचिकांची बदली कोण करतो? ज्यांनी पहिली वीट उचलली ते वडीलधारे पूजनीयच. तथापि वीस वर्षे एकच हात वही लिहीत असेल, तर त्या हाताच्या मागे दुसरा हात तयार होतच नाही. पुढे कोणी तरुण पुढे येत नाही म्हणून आपणच हळहळतो.

म्हणून आमची एवढीच सूचना आहे, व ती पुढील सभेत ठरावरूपाने यावी. खजिनदार, गायकप्रमुख, सण-कमिटीचे चिटणीस व धर्मशिक्षणाचे प्रमुख ह्या प्रत्येकाने एक वर्ष एका तरुण बंधूस किंवा भगिनीस, शक्य तर दुसऱ्या भाषेच्या घरातील, आपल्या शेजारी बसवावे. हिशेबाची वही दोघांनी मिळून लिहावी. वर्षअखेरीस, सणाच्या दिवशी, मिस्सा आटोपल्यावर सर्वांदेखत वही व किल्ल्या त्या नव्या हाती द्याव्या, आणि जुन्या अधिकाऱ्याने त्या दिवशी पंगतीत वाढावयास उभे राहावे.