माझा एक छंद : जुनी इन्व्हर्टर यंत्रे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लोहारा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. "गुरुजी, तुमच्या पडवीतल्या त्या लोखंडी डब्यांविषयी बोला," असे ते म्हणाले. 'डबे' हा शब्द मला लागला नाही, कारण आमच्या सौभाग्यवतीही तोच वापरतात. मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक आहे. विद्युतशास्त्राचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नाही. तेव्हा मी जे सांगेन ते स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेले, किंवा पुस्तकात वाचून मग पडताळून घेतलेले, एवढेच आपण समजावे.

आपल्यापैकी पन्नाशीपुढील मंडळींस ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. तिकडे किल्लारी, आणि इकडे आज आपल्या तालुक्यात असलेले सास्तूर, या गावांतील दगडमातीच्या जाड भिंतींखाली किती माणसे गाडली गेली ते आपण जाणता. वीज अर्थातच गेलेली होती. त्यानंतरच्या एका रात्री पाऊस लागला असता, कोणी तरी एका निंबाच्या झाडाला ट्रॅक्टरचा दिवा टांगला होता आणि त्याच्या दोन तारा खाली ठेवलेल्या बॅटरीला जोडल्या होत्या. त्या एका दिव्याखाली जखमींना पट्ट्या बांधण्याचे काम चालले होते. वाऱ्याने कंदील विझत होते. तो दिवा विझला नाही. माझ्याकडे पाणी देण्याचे काम होते. बॅटरी या वस्तूकडे मी त्या रात्री प्रथम नीट पाहिले.

तथापि छंद लागला तो पुष्कळ पुढे, आणि तोही गरजेतून. २००५ पासून पुढची सहा-सात वर्षे राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. वीजगळती आणि बिलांची वसुली यांवरून विभागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरत, आणि त्या हिशेबात खेडी बहुधा मागे पडत. आमच्याकडे दिवसरात्र मिळून दहा-बारा तास वीज नसे. २००७ साली माझी धाकटी कन्या दहावीस होती. कंदिलाच्या काचेवर काजळी धरे, आणि पोर रात्री डोळे चोळीत बसे. नव्या इन्व्हर्टरची व बॅटरीची मिळून किंमत माझ्या पगाराच्या मानाने फार होती. उमरग्यास एक दुकान बंद होत होते. तेथे मला अकराशे रुपयांस एक वापरलेले यंत्र मिळाले. ते घरी आणून पाहतो तो चालू होईना. दुकान तर बंद झालेले. मग मी झाकण उघडले. आत पालीचे वाळलेले शव होते आणि एक फ्यूज जळालेला होता. फ्यूज पाच रुपयांस मिळाला. त्या रात्री शेजारची तीन मुलेही आमच्या ओसरीवर अभ्यासास आली, आणि परीक्षा होईपर्यंत येत राहिली.

त्यानंतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर असा डबा दिसला की माझे पाऊल अडू लागले. आजमितीस मजजवळ तेवीस यंत्रे आहेत. शाळेत जसे डेडस्टॉक रजिस्टर असते तसे त्यांचे एक मी ठेवले आहे. आल्याची तारीख, गाव, दिलेली किंमत, दोष, उपाय आणि शेरा असे त्यात रकाने आहेत. ते रजिस्टर चाळता एक मौज दिसते. तेवीसांपैकी नऊ यंत्रांत मोठा दोष नव्हताच. कोठे फ्यूज, कोठे सैल तार, कोठे गंजलेला बॅटरीचा जोड, तर एकीत मुंग्यांचे वारूळ. मालकांनी 'जळाले' म्हणून टाकून दिले होते. चार यंत्रे मात्र मजकडून कधीच उठली नाहीत, आणि त्यांचे अवयव इतरांस उपयोगी पडले.

आता हे यंत्र करते काय, ते थोडक्यात सांगतो. पुष्कळांची समजूत अशी की इन्व्हर्टर वीज उत्पन्न करतो. तसे नाही. तो उसनी ठेवलेली वीज परत देतो, आणि तीही थोडी कापून. आपल्या भिंतीतील वीज सेकंदास ५० आवर्तने करणारी, म्हणजे सेकंदात शंभर वेळा दिशा बदलणारी असते. बॅटरीला ती चालत नाही. तिला एकाच दिशेने वाहणारी हवी. म्हणून बॅटरी भरताना विजेला एका दिशेचे वळण लावावे लागते, आणि घेताना हीच क्रिया उलटवावी लागते. उलटविणारा तो इन्व्हर्टर. अमेरिकेतील डेव्हिड प्रिन्स या अभियंत्याने १९२५ साली याच नावाचा लेख लिहिला होता. शिसे आणि आम्ल यांची बॅटरी तर त्याहूनही जुनी, फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली केलेली. जुन्या यंत्रात मॉस्फेट नावाच्या बारक्या काळ्या तुकड्यांच्या दोन रांगा असतात. त्या आळीपाळीने उघडझाप करून बॅटरीचे १२ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतात, व दुसऱ्या अंगाने २३० व्होल्ट निघतात. ही उघडझाप एकदम होत असल्याने स्वस्त यंत्रांतील विजेची लाट चौकोनी निघते, आणि तिच्यावर पंखा भुंग्यासारखा घूं घूं करतो. नवी यंत्रे गोलाईची लाट देतात. त्यांच्यावर पंखा गप्प असतो. माझ्या नातवास डोळे मिटूनही आवाजावरून यंत्राचा जमाना सांगता येतो.

गृहिणींच्या उपयोगाचा एक हिशेब येथेच मांडतो. १२ व्होल्टची १५० ॲम्पियर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, अर्थात पावणेदोन युनिटांहून किंचित अधिक. २००७ साली आमच्या घरी दोन जुन्या ट्यूबलाइटी आणि दोन पंखे मिळून सुमारे २५० वॉट लागत. भागाकार सात तास सांगे, प्रत्यक्षात पाच तासांच्या आत यंत्र ओरडू लागे. कारण बॅटरी कधीही तळापर्यंत उपसावयाची नसते, आणि यंत्रही आपला वाटा खाते. आज ९ वॉटचे चार एलईडी दिवे आणि नव्या धाटणीचे ३० वॉटचे दोन पंखे मिळून शंभर वॉटही होत नाहीत. म्हणजे जे यंत्र त्या काळी अपुरे म्हणून माळ्यावर गेले, ते आज त्याच घरास पुरून उरते. हे लक्षात न घेता लोक नवे, मोठे, दुप्पट किमतीचे यंत्र घेतात. घेणाऱ्याने घ्यावे. पण आधी आपल्या घराची बेरीज एकदा कागदावर करावी, ती चौथीच्या मुलाला येते.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती सांगताना मला अजून संकोच वाटतो.

२०१७ साली, मी निवृत्त झाल्यावर वर्षभराने, मधल्या खोलीतील पंखा बिघडला. माझाच एक जुना विद्यार्थी वायरमनचे काम करतो. त्यास बोलाविले. तो स्टुलावर चढला. "मेन बंद करा," म्हणाला. मी मेन बंद केला आणि तसे मोठ्याने सांगितलेही. माझ्या हातून तेवढेच झाले. मेन बंद होताच पडवीतील इन्व्हर्टरास वाटले की वीज गेली. सेकंदाच्या आत त्याने, ज्यासाठी मी त्यास मोठ्या अभिमानाने बसविले होते तेच काम केले. पंख्याच्या तारेत पुन्हा वीज आली. मुलाने तार धरली आणि तो खाली पडला. त्याचा उजवा मनगट मोडला. सहा आठवडे प्लास्टर होते, आणि त्याचे पोट हातावर. शुद्धीवर येताच तो मला एवढेच म्हणाला, "गुरुजी, मेन बंद हाय म्हनलात की."

तीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना 'सांगितलेले ऐकावे' असे शिकवीत आलो होतो. त्याने ऐकले होते. त्याच्या औषधाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च मी केला, त्यात विशेष काही नाही. परंतु त्या दिवसापासून पाच-सहा महिने मी एकाही यंत्रास हात लावला नाही. सौ.नी तर सर्व डबे भंगारात देण्याचे ठरविलेच होते. अखेर तो मुलगाच प्लास्टर निघाल्यावर आला, आणि आम्ही दोघांनी मिळून घराची तार नव्याने आखली. इन्व्हर्टरवरील दिवे-पंख्यांची वाट निराळी केली. मेनच्या पेटीशेजारी त्या वाटेचा स्वतंत्र खटका बसविला, आणि दोहोंवर लाल रंगाने लिहिले : 'दोन्ही बंद केल्याशिवाय तारेस हात लावू नये.' एवढ्यावरही विसंबू नये. यंत्राच्या तोंडावरचे बटण बंद केले तर ते बॅटरीची वीज देणे थांबविते, पण पुष्कळ यंत्रांतून भिंतीची वीज तशीच आरपार जाते. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर हे दोन्ही बंद, वर बॅटरीची एक तार सोडलेली, आणि मग टेस्टर लावून खात्री. हा क्रम आमच्या घरी आता नातवंडांस पाठ आहे.

हल्ली गच्चीवर सौर पट्ट्या बसविलेले काही बांधव मला विचारतात, की भर दुपारी ऊन रखरखत असता, गावची वीज गेली की आमचेही दिवे का जातात? ज्यांच्याकडे बॅटरी नाही त्यांच्या सौर यंत्राची रचनाच तशी आहे. वीज गेल्यावर खांबावर कोणी तरी माणूस चढलेला असतो. आपल्या गच्चीवरची वीज उलट त्या तारांत गेली तर त्याचे काय होईल? म्हणून ते यंत्र स्वतःहून गप्प बसते. माझ्या जुन्या डब्यांत ही अक्कल नव्हती, ती मलाच ठेवावयास हवी होती.

बॅटऱ्यांविषयी एक गोष्ट राहिली. मी यंत्रे जमवितो, बॅटऱ्या जमवीत नाही. यंत्र पडून राहिले तर धूळ खाते, पण जुनी बॅटरी आम्ल गाळते, आणि भरताना तिच्यातून निघणारा वायू बंद खोलीत ठिणगीने पेट घेतो. त्याहून वाईट म्हणजे तिच्यातील शिसे. ते ३२७ अंशांवर वितळते, म्हणजे साध्या भट्टीवरही. म्हणून काही ठिकाणी उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे गाळतात, व आम्ल गटारात जाते. त्या धुराने आणि धुळीने लहान मुलांच्या मेंदूस जी इजा होते ती पुढे भरून येत नाही. जुनी बॅटरी दुकानदाराने परत घ्यावी अशी तरतूद २००१ च्या नियमांत होती. २०२२ च्या नव्या नियमांनी तो भार प्रामुख्याने उत्पादकांवर घातला आहे. आपण नवी घेताना जुनी तेथेच देऊन पैसे वळते करून घ्यावेत. शंभर-दोनशे रुपये अधिक मिळतात म्हणून ती दारावरच्या अनोळखी माणसास देऊ नये.

तो विद्यार्थी आता दर रविवारी सकाळी येतो. मजहून त्याचे हात चांगले चालतात. रजिस्टरातील शेवटच्या सात नोंदी त्याच्या अक्षरात आहेत. आम्ही दुरुस्त केलेली चार यंत्रे दहावीत शिकणारी मुले असलेल्या घरी दिली आहेत. प्रत्येक ठिकाणी तो स्वतः जाऊन दोन खटके बसवितो आणि लाल रंगाने पाटी लिहून येतो. पाटी लिहिल्याशिवाय यंत्र द्यावयाचे नाही, ही अट त्याची आहे.

आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे यंत्र पडून असेल तर ते लोहाऱ्यास मजकडे धाडावे. मात्र त्याच्या बॅटरीकडे जाणाऱ्या लाल आणि काळ्या जाड तारा कापून ठेवून घेऊ नयेत. बहुतेक लोक त्या तांब्याच्या लोभाने कापतात, आणि तेवढी जाड तार मला उमरग्यासही सहजी मिळत नाही.