दोंडाईच्याची जाळी



नव्या डॉक्टरांच्या पदवीदान समारंभात पाहुण्याने नोबेलविजेत्यांची नावं घ्यावीत, असा रिवाज आहे. मी मच्छरदाणीच्या कापडाबद्दल बोलणार आहे.

अंतर्गळ, म्हणजे हर्निया, तुम्ही सगळ्यांनी वॉर्डात पाहिलाय. बहुतेक वेळा हमाल, शेतमजूर किंवा जांघेतला फुगवटा हाताने दाबून धरत खोकणारा एखादा म्हातारा. त्रास होतो का, असं विचारलं की “चालायचंच, साहेब” म्हणतो. मग कधीतरी आतडं अडकतं, पोट फुगतं, उलट्या सुरू होतात, आणि साधं ऑपरेशन जिवावर बेततं.

जुन्या पद्धतीत आजूबाजूचे स्नायू ओढून शिवत. त्या ताणानेच शिवण पुढे सुटायची आणि अंतर्गळ परत यायचा. लॉस एंजेलिसचे सर्जन लिक्टेनस्टाइन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ताण न देता कृत्रिम जाळी बसवण्याची पद्धत मांडली, आणि हे दुखणं पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. पण कंपनीची जाळी महाग. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याला ती परवडणार कशी?

धुळे जिल्ह्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर दोंडाईचा आहे. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, कापलं, निर्जंतुक केलं आणि जाळी म्हणून वापरलं. तुकड्याला खर्च काही रुपयांचा. इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, जुगाड. जुगाड आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात, आणि त्यातले बरेचसे ज्याचे त्याच्याबरोबर संपतात. हा संपला नाही, कारण या मंडळींनी वेगवेगळ्या ठिकाणचे रुग्ण एकत्र मोजले आणि २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त निबंध छापला. शीर्षकातच त्यांनी या चाचणीला ‘प्राथमिक’ म्हटलं होतं. हा प्रामाणिकपणा मला ऑपरेशनइतकाच मोलाचा वाटतो.

छापल्यामुळे काय झालं? दुसऱ्यांना ते तपासता आलं. ब्रिटनमधल्या सर्जननी कापडाची चिकित्सा केली. १२१ अंशांच्या वाफेवर निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) केलं तर ते टिकतं, १३४ अंशांना मात्र आक्रसून निकामी होतं. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी तर अजिबात चालत नाही. (तेव्हा कृपा करून बाजारातून जाळी आणून उद्याच कापायला बसू नका!) पुढे स्वीडन आणि युगांडाच्या संशोधकांनी युगांडात रीतसर चाचणी घेतली. ३०२ पुरुष, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागलेले, एका गटाला कंपनीची जाळी, दुसऱ्याला मच्छरदाणीची. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात अंतर्गळ परत आला फक्त एकाला, महागड्या गटात कुणालाच नाही. गुंतागुंतीही दोन्हीकडे जवळपास सारख्याच, शंभरात तीसेक. जानेवारी २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हे छापलं.

वर्ष एकच होतं, हेही लक्षात ठेवा. अंतर्गळ दहा वर्षांनीही परत येऊ शकतो. म्हणून एवढ्या पुराव्यावर हुरळून जाऊ नये, पण तो नाकारूही नये. आपल्याकडे दोन्ही गोष्टी सर्रास होतात: मोठ्या शहरातले लोक खेड्यातल्या सर्जनला ‘कामचलाऊ’ म्हणून झटकून टाकतात, आणि खेड्यातला सर्जन ‘आम्हाला कुठे वेळ आहे लिहायला’ म्हणून गप्प बसतो. दुसरी चूक मला जास्त नुकसानीची वाटते. शहरातल्यांचं मत आकड्यांनी बदलता येतं, न लिहिलेले आकडे मात्र कुणालाच दाखवता येत नाहीत.

तुमच्यापैकी कित्येकांची पहिली नेमणूक एखाद्या ग्रामीण रुग्णालयात होईल. तिथे अपेंडिक्स फुटलेलं येईल, अल्सरने भोक पडलेलं जठर येईल, आतड्याचा क्षय येईल. हे सगळं पाठ्यपुस्तकापेक्षा थोडं वेगळं दिसेल आणि त्या वेगळेपणाची नोंद तुमच्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही. रुजू झाल्या दिवसापासून एक रजिस्टर ठेवा. कोण आलं, काय केलं, जखम पिकली का, वर्षाने तो माणूस कसा आहे, सगळं लिहा. जे दगावले त्यांच्या नोंदी आधी लिहा, कारण त्याच गाळायचा मोह होतो. आणि रजिस्टर भरलं की ते कपाटात ठेवू नका, निबंध लिहून नियतकालिकाला पाठवा.