उद्याचे इंधन : हायड्रोजन



बीड जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. २०१३ साली परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. यंत्रे होती, कामगार होते. पाणी मात्र नव्हते. उद्याचे इंधन म्हणून आज ज्याचा गौरव होत आहे, त्या हायड्रोजनचा विचार करताना हा अनुभव विसरून चालणार नाही.

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. तो जळताना काजळी धरत नाही वा कार्बन वायू सोडत नाही. पाण्याची वाफ तेवढी निर्माण होते. एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता असते. परंतु कोळशाप्रमाणे तो खणून आणण्याची सोय नाही. इतर पदार्थांपासून, ऊर्जा खर्चून, तो वेगळा करावा लागतो. म्हणजेच तो ऊर्जेचा उगम नव्हे, तर ऊर्जेचे वाहन होय. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

शेतकऱ्याच्या घरी हायड्रोजन फार पूर्वीच पोहोचला आहे. युरियासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजन व नायट्रोजन यांपासून तयार होतो. मात्र हा हायड्रोजन आजवर प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून मिळवला जातो आणि त्या क्रियेत कार्बन वायू बाहेर पडतो. सूर्य वा वारा यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून मिळवलेल्या वायूस हरित हायड्रोजन म्हणतात. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता उभारणे, हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले.

आता हिशेब पाहू. एक किलो हायड्रोजनसाठी रसायनशास्त्राप्रमाणे ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण व यंत्रे थंड ठेवणे यांसह ते सुमारे २० ते ३० लिटर होते. शिवाय सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. वर्षाला एक हजार टन वायू देणाऱ्या कारखान्यास दोन ते तीन कोटी लिटर पाणी हवे. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन ते तीन हजार टँकर! ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

वापराचाही विवेक हवा. विजेपासून हायड्रोजन आणि त्यापासून पुन्हा वीज करताना निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते. म्हणून घरची चूल किंवा पाणी तापवण्याचा बंब यांसाठी विजेची शेगडी, गोबरगॅस व सौरबंब हेच किफायतशीर. दुचाकी-मोटारींना बॅटरी पुरेशी ठरते. खत, पोलाद आणि लांब पल्ल्याची जड वाहतूक ही हायड्रोजनची खरी क्षेत्रे होत. इंधनघटावर चालणारी देशी बनावटीची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली. तिच्या घडणीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा सहभाग आहे. इंधनघटात हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण होते आणि त्या विजेवर चाक फिरते.

धोकाही जाणून घ्यावा. या वायूस वास नाही आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. तो साठवण्यासाठी प्रचंड दाब सोसणाऱ्या टाक्या लागतात. म्हणून त्याची हाताळणी प्रशिक्षित माणसांकडेच असावी.

बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत, ऊनही भरपूर आहे. तेव्हा ऊर्जेच्या बाबतीत जिल्हा दरिद्री नाही. एखादा प्रकल्प दारी आला, तर ग्रामपंचायतीने तीन प्रश्न विचारावेत : मे महिन्यात पाणी कोठून येणार? पिण्याच्या पाण्याऐवजी शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरता येईल काय? वीज खरोखर वाऱ्याची वा सूर्याची आहे काय? शिक्षकांनी हाच हिशेब वर्गात मुलांकडून करून घ्यावा. उद्याचे इंधन अवश्य यावे. मात्र त्याच्या टाकीत आजच्या हंड्यातले पाणी जाऊ नये.